रात्री दोनचा पहारा

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा जमिनीला टेकत नाही. सात दिवस, सात रात्री ती कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते. एकाचा पहारा संपत आला की दुसरा येतो, त्याच्या पाया पडतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो आणि त्याच पट्टीत 'रामकृष्णहरी' पुढं चालू ठेवतो. आमच्या गावात पहारे दोन-दोन तासांचे. दिवसाचे बायकांकडं, रात्रीचे गड्यांकडं. रात्री दोन ते चारचा पहारा सहसा कुणी आपणहून घेत नाही. २०१६ च्या चैत्रात माझ्या दादानं तो मागून घेतला.

त्याच्या आधीचे तीन महिने तो घरात कुणाशी धड बोलला नव्हता. तो तेव्हा बावीस वर्षांचा, मी अठरा. आमच्यासारखी कितीतरी पोरं त्या वर्षी मराठवाड्यात होती. रान होतं, अंगात ताकद होती, थोडंफार शिक्षण होतं आणि यातल्या कशालाच काम नव्हतं. त्या वर्षातून आम्ही कसे बाहेर आलो ते लिहिते. देवानं पाऊस पाडला असं यात कुठं नाही. पण देवळाशिवाय आणि आज्जीच्या रीतीभातींशिवाय आमचा निभाव लागला असता, असंही मला वाटत नाही.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. वर काळी माती, खाली काळा पाषाण. हा खडक पाणी फार पोटात ठेवत नाही. भेग लागली तर बोअरला पाणी, नाहीतर सातशे फुटांवरूनही नुसता फुफाटा वर येतो. २०१४ ला पावसानं दगा दिला, २०१५ ला पुन्हा दिला. दोन्ही वर्षी मराठवाड्यात सरासरीपेक्षा ४० टक्क्यांच्या आसपास कमी पडला. सोयाबीन उगवून आलं, गुडघ्यालाही लागलं नाही, आणि श्रावणात वाळून कागदासारखं झालं. सगळं आभाळानंच केलं असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्याच रानात २०१२ पर्यंत एकरभर ऊस उभा होता. शिवारात दरवर्षी नवी बोअर पडायची. एकाची आटली की शेजारचा त्याच्याहून शंभर फूट खाली जायचा. जमिनीखालचं पाणी सगळ्यांनी मिळून उपसलं आणि मग वर बघायला लागलो. पोरांना हे कळत होतं, म्हणून ते जास्त लागत होतं. राग काढायला गेलं तर पुढ्यात आपलाच बाप उभा असायचा.

आमच्याकडं येळवस हा दिवाळीहून मोठा सण. मार्गशीर्षातली अमावास्या. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे रानात असतात. कडब्याची कोप करायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून मांडायचे, भज्जी, उंडे, आंबील. पूजा झाली की आंबील उभ्या पिकावर शिंपडत रानाला फेरी घालायची. चांगल्या वर्षी त्या वेळी ज्वारी अंगापेक्षा उंच असते आणि फेरी घालणारा माणूस दिसतच नाही, नुसता आवाज येतो.

२०१६ च्या जानेवारीत येळवस आली तेव्हा आमच्या रानात ढेकळं होती. रब्बी पेरलीच नव्हती, पेरायला ओल कुठं होती? अण्णा म्हणाले, यंदा घरीच निवद दाखवू. आज्जी ऐकेना. कडबा नव्हता म्हणून तिनं चार तुराट्या रोवून त्यावर आपलं जुनं लुगडं टाकलं आणि कोप उभी केली. भज्जीला हिरवं काही मिळेना. डाळी शिजवून बेसन लावलं. आंबिलीचं बिंदगं दादाच्या हातात दिलं. फेरीला निघताना तो थांबला.

"शिंपडायचं कशावर?"

"रानावर," आज्जी म्हणाली. "पीक न्हाई म्हणून रान परकं झालं का?"

तो चालायला लागला. मी मागं होते. लिंबाच्या डहाळीनं तो आंबील शिंपडत होता. ढेकळावर पांढरे थेंब पडायचे, पाच-सात श्वास दिसायचे आणि ढेकूळ ते पिऊन टाकायचं. बांधानं वळसा घालून आम्ही परत आलो तेव्हा मागं एकही थेंब दिसत नव्हता.

त्या दिवशी आज्जी बहात्तरच्या दुष्काळावर खूप बोलली. खडी फोडायला गेलेल्या बाया, पाझर तलावाच्या भिंतीवर डोक्यावरून वाहिलेली माती, लाल मिलोच्या भाकरी, पोरांना मिळायची ती सुकडी. "तवा खायाला नव्हतं, पर आडाला पानी हुतं. आता दुकानात समदं हाय आन् आडात दगडं." रोजगार हमी योजना त्या दुष्काळात महाराष्ट्रभर रुजली, हे मी पुढं पुस्तकात वाचलं. तिच्या तळहातावरचे घट्टे मी त्याआधीच बघितले होते. धीर धरा, सगळं ठीक होईल, असं ती एकदाही म्हणाली नाही. असा एक दुष्काळ अंगावर काढून आलेली बाई लुगड्याच्या सावलीत बसून आंबील पीत होती, एवढंच आम्ही बघितलं. पण ते बघितलं.

येळवस झाली आणि पुढच्या आठवड्यात बैल गेले. देवणी जोडी, दादानं वासरं असल्यापासून सांभाळलेली. कडब्याची पेंढी मिळेना, मिळाली तर परवडेना. अण्णा आणि तो त्यांना हाळी-हंडरगुळीच्या बाजारात घेऊन गेले. दादा परत आला तो घुंगरमाळा हातात घेऊन. त्या दावणीच्या खुंटीला अडकवल्या आणि माळवदावर जाऊन पडला.

मग तो तसाच राहिला. जेवायला हाक मारली तर यायचा, चार घास खायचा. रात्री झोपायचा नाही. मित्रांत जाईना. लग्नाचं बोलणं चाललं होतं, ते मुलीकडच्यांनी पाण्याचं कारण सांगून थांबवलं. त्या हिवाळ्यात शेतकऱ्यांनी जीव दिल्याच्या बातम्या जवळपासच्या गावांतून येत होत्या. आई रात्री दोन-तीनदा उठून माळवदावर डोकावून यायची. ती काय बघायला जाते ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कुणी ते तोंडावर आणलं नाही.

मी तेव्हा लातूरला होते. बारावी झाली होती, मेडिकलसाठी रिपीट करत होते. लातूर पॅटर्नच्या नावावर बाहेरगावची हजारो पोरं तिथं शिकायला येतात. शहराला पाणी मांजरा धरणाचं, धनेगावहून, आणि ते धरण कोरडं पडलं होतं. हॉस्टेलवर आंघोळ आठवड्यातून दोनदा, मुलीमागं एक बादली. पाळीच्या दिवसांतही तेवढंच. माझी खोलीतली मैत्रीण पाच वेळा नमाज पढायची. त्याआधी वजू, म्हणजे हात-पाय-तोंड धुणं, त्याला पाणी लागतं. एका पहाटे मी जागी झाले तर ती जिन्याजवळच्या सुकलेल्या कुंडीशी बसलेली. दोन्ही तळवे तिनं मातीवर हलके टेकवले, झटकले, तोंडावरून फिरवले, मग हातांवरून. मी विचारलं तेव्हा म्हणाली, याला तयम्मुम म्हणतात. पाणी नसेल, किंवा प्यायलाच जेमतेम असेल, तर स्वच्छ मातीनं चालतं.

तिच्या तोंडावर काही कमी पडल्याचा भाव नव्हता. मला ते फार दिवस पुरलं. पाण्याची टंचाई बघितलेल्या मुलखात ही रीत पडली आणि पाणी नसतानाही माणसाला स्वच्छ वाटत राहावं याची सोय तिच्यात होती. स्वतःच्या अंगाचीच किळस यावी असे ते दिवस होते. अठरा वर्षांच्या पोरीला तेव्हा ही केवढी मोठी गोष्ट असते, ते तसं राहिल्याशिवाय कळायचं नाही. मी नमाज पढत नाही. पण त्यानंतर मीही रोज पहाटे उठायला लागले आणि तिच्याशेजारी बसून हरिपाठ म्हणायला लागले.

मार्चमध्ये प्रशासनानं लातुरात पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावली. कलम १४४, टँकर भरायच्या जागी भांडणं होऊ नयेत म्हणून. हॉस्टेलवाल्यांनी हात जोडले. मी पुस्तकांची ट्रंक घेऊन गावाकडं आले.

गावात पाणी भरणं पोरींकडं. टँकर दिवसाआड, सरकारी हिशोबानं माणशी २० लिटर. तो विहिरीत रिकामा व्हायचा आणि मग काठावर दोरांची झुंबड. दुसरं पाणी दीड किलोमीटरवर एका शेतकऱ्याच्या बोअरला, तहसीलनं अधिग्रहण केलेल्या. शेतीची लाईट रात्रीची, म्हणून नंबरही रात्रीचे. मोटार दहा मिनिटं पाणी द्यायची, मग हवा ओढायला लागायची. बंद करून अर्धा तास थांबायचं, की पुन्हा दहा मिनिटं. पालथ्या घागरीवर बसून मी जीवशास्त्राचे धडे मनात म्हणायची. म्हणता म्हणता रडू यायचं.

१२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली. जवळजवळ साडेतीनशे किलोमीटरवरून, १० वाघिणी, ५ लाख लिटर. टीव्हीवर दिवसभर तीच. दादानं माझ्या मोबाईलवर ती बघितली आणि फोन परत दिला. "प्यायचं पाणीसुद्धा आता परमुलखातून," एवढं म्हणाला आणि वर गेला.

दोन दिवसांनी, १४ एप्रिलला, बाबासाहेबांची १२५ वी जयंती होती. आमच्या भीमनगरची पोरं वर्षभर तिची वाट बघत होती. दुष्काळ म्हणून मिरवणूक आणि डीजे त्यांनी आपणहून रद्द केलं आणि विहाराच्या पटांगणात भाषणं ठेवली. दहावीपर्यंत माझ्या वर्गात असलेला एकजण चवदार तळ्यावर बोलला. महाड, २० मार्च १९२७. ते भाषण शाळेत दरवर्षी व्हायचं. या वेळी शेवटी त्यानं विचारलं, टँकर विहिरीत रिकामा झाला की आमच्या वस्तीतल्या बायांचे दोर सगळ्यात शेवटी का पडतात?

कुणी उत्तर दिलं नाही. खरं होतं ते. विहिरीवर कुणी कुणाला अडवत नव्हतं, पण जागा ठरलेल्या होत्या आणि आम्ही पोरीही त्या मुकाट्यानं पाळत होतो. त्या पोरांना बळ कुठून येतं ते मी त्या दिवशी जवळून बघितलं. पाण्यासाठी लाचार होणं आमच्या घराला नवं होतं. त्यांच्या आज्यांनी भर पावसाळ्यातही दुसऱ्याच्या हातून वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेतलं होतं. त्या दुःखाचे शब्द, त्याविरुद्ध उभं राहायची रीत, त्याचा सण, हे सगळं त्यांच्याकडं आधीपासून होतं. आम्ही मात्र मुके होतो.

आमचा सप्ताह हनुमान जयंतीला संपतो. त्या वर्षी ती २२ एप्रिलला होती. बैठक आधीच देवळात बसली होती आणि पहिलाच प्रश्न, सप्ताह करायचा का नाही? शेवटच्या दिवशीची पंगत म्हणजे दीड हजार माणूस. वरण, भात, भांडी, वर प्यायला. दोन टँकर नुसते त्यालाच लागणार. पोरांतले बरेच म्हणाले, यंदा बंद ठेवा. म्हातारी माणसं उठून जायला लागली. एकदा खंड पडला की पडला, म्हणाली. आवाज चढले. आमच्या देवळात कित्येक वर्षं पहाऱ्याची वही सांभाळणारे तात्या सगळ्यात शेवटी बोलले. पंगत माणसांनी सुरू केली, माणसांनी थांबवली तर चालेल. वीणा थांबवायची नाही. पंगतीची वर्गणी जमेल ती पोरांच्या हातात द्या, बारवेतला गाळ काढतील.

बारव गावाच्या उत्तरेला. पायऱ्या-पायऱ्यांची, फार जुनी. अर्धी गाळानं भरलेली, अर्धी कॅरीबॅगांनी. ८ एप्रिलला, पाडव्याच्या दिवशी, लातुरात मांजरा नदीतला गाळ लोकवर्गणीतून काढायला सुरुवात झाली होती. त्याच्या बातम्या रोज येत होत्या, त्यामुळं पोरांच्या डोक्यात बारव होतीच. पैसे नव्हते आणि गावातलं कुणी मोठं माणूस मागं नव्हतं. ते दोन्ही त्या एका वाक्यानं आलं.

मग तात्यांनी वही उघडली आणि पहाऱ्याला नावं विचारायला लागले. दोन ते चार म्हटल्यावर सगळे गप्प. मागं खांबाला टेकून बसलेला दादा म्हणाला, "माझं लिहा. सातही दिवस."

नंतर मी विचारलं, का घेतलास?

"जागाच असतो त्या वेळेला," म्हणाला.

१७ तारखेला एकादशी होती, दादाचा उपवास. रात्री दोनला मी बोअरकडं निघाले. वाट देवळावरून जाते. त्या दिवसांत रात्रीसुद्धा जमीन तापलेली असायची, चपलेतून लागायची. देवळातून आवाज येत होता. तो दादाचा आहे हे ओळखायला मला वेळ लागला. इतक्या महिन्यांनी ऐकत होते. सूर वगैरे काही नाही, एका सरळ पट्टीत तो रामकृष्णहरी म्हणत होता आणि तर्जनीनं तार छेडत होता. एक टाळकरी भिंतीला पाठ लावून पेंगत पेंगत टाळ वाजवत होता. मी जोत्याशी उभी राहिले. नंबर जात होता, तरी उभी राहिले.

परत आले तेव्हा चार वाजून गेले होते. डोक्यावर घागर, कमरेवर कळशी. दादा अजून उभाच. चारचा पहारेकरी झोपून राहिला होता आणि टाळकरी त्याला उठवायला गेला होता. दादाचे पाय लटपटत होते, मला लांबून दिसलं. उपाशी पोट, दोन तासांच्या वर झालेलं. देवळात दुसरं कुणी नव्हतं. बाजूलाच खुंटी होती. वीणा तिथं अडकवून घटकाभर बसला असता तर कुणाला कळलंही नसतं. तीन महिने ज्याला अंथरुणातून उठावंसं वाटत नव्हतं, तो माणूस आता बसायला तयार नव्हता.

मी घागर पायरीवर ठेवली, ओंजळभर पाण्यानं हात-तोंड धुतलं आणि आत गेले. बायकांचा रात्रीचा पहारा आमच्याकडं नव्हता. मी त्याच्या पाया पडले. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि रामकृष्णहरी न थांबवता वीणा माझ्या गळ्यात घातली. वीणा दिसते त्याहून जड असते. पट्टा खांद्यात रुततो, आणि सवय नसली तर तार पाचच मिनिटांत बोट सोलते. माझा आवाज फुटेना. दादा भिंतीशी बसला, टाळ उचलले आणि माझ्याबरोबर म्हणायला लागला. मग आवाज लागला. काकड्याला माणसं आली तेव्हा मी उभी होते. एका काकांनी तोंड फिरवलं. तात्यांनी चष्मा लावला, वही काढली, चारच्या रकान्यात माझं नाव लिहिलं आणि काकडा सुरू केला.

सप्ताहातलं सगळंच चांगलं होतं असं नाही. तिसऱ्या रात्रीच्या कीर्तनकारांनी तासभर हेच सांगितलं की पोरं बिघडली, पोरी मोबाईल घेऊन फिरायला लागल्या, धर्म बुडाला, म्हणून पाऊस गेला. आम्ही पोरी समोर बसून ऐकत होतो. पहाटेपासून तीन-तीन खेपा केलेल्या, खांदे धरलेले. असं बोलणं घातक आहे. आपण कशालाच लायक नाही, हे ज्याच्या मनात आधीच रात्रंदिवस घोळतंय, त्याला देवळातूनही तेच ऐकू आलं तर त्यानं जायचं कुठं? दादा त्या कीर्तनातून मध्येच उठून गेला. आईचा जीव वर-खाली झाला. दोनच्या ठोक्याला तो पहाऱ्यावर हजर होता, आणि आई देवळाच्या पायरीवर बसून राहिली.

पाचव्या रात्री दामाजीपंतांची कथा लागली. बीदरच्या बादशहाचा मंगळवेढ्याचा कारभारी. दुष्काळात त्यानं सरकारी धान्याची कोठारं भुकेल्यांना उघडून दिली, आणि बादशहाचं बोलावणं आल्यावर विठ्ठलानं विठू महार होऊन धान्याचे पैसे दरबारात भरले, अशी पिढ्यान्पिढ्या सांगितली जाणारी कथा. लहानपणापासून ऐकलेली. या कीर्तनकारांनी चमत्कार भराभर उरकला आणि कोठाराच्या कुलपापाशी थांबले. कुलूप काढताना पंतांना देव येणार आहे हे माहीत होतं का? नव्हतं. शिक्षाच होणार, हे माहीत होतं. मग म्हणाले, आणि देव आला तो कुणाच्या रूपात आला, ते ज्यानं त्यानं घरी जाऊन मनाला विचारावं.

मंडपाच्या कडेला भीमनगरचे चार-पाचजण उभे होते. कीर्तन उठल्यावर विहिरीचा विषय निघाला आणि त्या दिवशी पहिल्यांदा भांडण न होता निघाला. माझा तो वर्गमित्र म्हणाला, "कथा तुमची तुम्हाला लागो. आम्हाला वही द्या. वीणेचे पहारे लिहिता तसे पाण्याचे लिहा."

तात्यांनी त्याच वहीची मागची पानं उघडली. डावीकडं वेळ, उजवीकडं घर. सुरुवात दर आठवड्याला गावाच्या वेगळ्या टोकापासून. विहीर आणि बोअर दोन्हीकडं. रात्री पोरींबरोबर दोन पोरं, मोटार सांभाळायला. आणि पहाऱ्याचा नियम तसाच उचलला: पुढचा नंबर झोपला असेल तर आधीच्यानं जाऊन त्याला उठवायचं. रुसणारे रुसले. दोन घरांनी काही दिवस विकतचं पाणी घेतलं. पण वही चालली, कारण ती कशी चालते हे गावात प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक होतं.

काल्याच्या दिवशी पंगत झाली नाही. लाह्या-दह्याचा काला चिमूट-चिमूट वाटला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला आम्ही बारवेत उतरलो. ऊन चढायच्या आत, आठपर्यंत काम. वरून खालपर्यंत माणसांची रांग आणि गाळाची पाटी हातोहात वर. पहिले आठ-दहा दिवस नुसती घाण निघाली. मग पायऱ्या दिसायला लागल्या, कोनाड्यात झिजलेला गणपती, एक चेपलेली पितळी कळशी. मेच्या मध्यावर भीमनगरातले एक म्हातारे काठी टेकत आले, वरच्या पायरीवर बराच वेळ उभे राहिले. त्यांच्या लहानपणी त्या पायरीवर त्यांना येऊ देत नव्हते. मग त्यांनी चपला काढल्या आणि नातवाच्या खांद्यावर हात ठेवून एकेक पायरी उतरत तळापर्यंत गेले. पाट्या थांबल्या होत्या. तळाला ओल होती, चार बोटं खणलं की पाणी जमायचं. त्यांनी त्यात हात बुडवला, आणि कुणीतरी पुन्हा पाटी पुढं केली.

त्या महिन्यात आशाताई प्रश्नांचा कागद घेऊन घरोघरी फिरत होत्या. झोप लागते का, भूक लागते का, जगावंसं वाटतं का. फेब्रुवारीत विचारलं असतं तर दादानं दार लावून घेतलं असतं. आता त्यानं उत्तरं दिली, खरी दिली. त्याला लातूरला डॉक्टरांकडं नेलं, गोळ्या सुरू झाल्या, पुढं सात-आठ महिने चालल्या. पहाऱ्यानंच तो बरा झाला असं कुणी म्हटलं की मी तिथंच थांबवते. गोळ्यांचं काम गोळ्यांनी केलं. तिथवर चालत जायची ताकद मात्र त्याला देवळात आली. रोज रात्री दोनला आपली वाट बघणारा कुणीतरी आहे, आपण गेलो नाही तर तो उभाच राहील, हे सात रात्री अंगात मुरलं होतं.

जूनमध्ये पाऊस आला. पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं केली. पोळ्याला दावण रिकामी होती. आज्जीनं मातीचे बैल केले आणि खुंटीवरच्या घुंगरमाळा दादानं पुसून त्यांच्यापुढं ठेवल्या. पावसाळा सरता सरता इतका कोसळला की मांजरा धरण भरलं आणि सोयाबीन पाण्यात गेलं. मला मेडिकल मिळालं नाही, नर्सिंगला गेले. त्या वर्षीच्या येळवशीला ज्वारी कमरेला लागत होती. आंबील शिंपडताना दादा आज्जीला म्हणाला, "आता सांग, कशावर शिंपडू?" ती त्याच्या पाठीत धपाटा घालून हसली.

आज्जी आता नाही. तात्याही गेले, आणि वही दादाकडं आली. त्याच्या पोरीला रंगवायला कागद दिसला की ती त्या वहीकडं धावते, म्हणून तो ती माळवदाखालच्या तुळईवर ठेवतो. रात्रीच्या रकान्यांत आता बायकांची नावं असतात, पाच-सहा तरी. मी चैत्रात सुट्टी काढून जाते. फाल्गुन संपत आला की दादाचा फोन येतो आणि इकडचं तिकडचं काही न विचारता तो सरळ म्हणतो, "दोनचं लिहू का चारचं?"